तासभर न हललेलं तापमान

आधी मला खटकलं ते एवढंच, की स्क्रीनवर गिअरबॉक्सचं तापमान तासभर एका अंशानंही हललं नव्हतं. बीरगांवजवळच्या आमच्या सळयांच्या कारखान्यात मी नवी इंजिनीअर, त्यात दचकणारी. गिअरबॉक्समधून घरघर येत होती आणि शेजारीच चौघे काम करत होते.

साहेब म्हणाले, "स्क्रीन हरी है ना? फिर लाइन क्यों रोकें? मैडम, आपको तो पंखे से भी डर लगता है."

ती घरघर ओळखणारे एकच, फिटर रामटेके काका. सळईचं एक टोक गिअरबॉक्सला लावायचे, दुसरं कानाशी धरायचे आणि कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचे. सेन्सर बसले आणि काका घरी बसले. आता फिटरची गरज नाही, असा रिपोर्ट मीच लिहून दिला होता.

पाच वेळा त्यांनी माझा फोन उचलला नाही. सहाव्यांदा उचलला.

"काका, सेन्सर अडकला वाटते. आतून घरघर येऊन राहिली. लाइन बंद करू का?"

"कर. साहेबानं विचारलं तर माहं नाव सांगजो, पोरी. माही नोकरी तर तू आधीच खाल्ली."