दारातला आवाज

सोलापूरच्या एसटी स्टँडवर महेश्वरी बसची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“मार्थाक्का, काल चर्चमदी उपदेश तू केलास म्हणं?”

“व्हय की, सालोमी. पाळकसाहेब गावाला गेलेले.”

“आन् भावजी?”

“ते नेमीसारखं भाईर गाडीवर बसलेले. लग्नापासनं कदी आत आले न्हाईत.”

“मग उपदेशात काय सांगितलंस?”

“पोरगी तापानं फणफणली व्हती, तवाचं. म्हणलं, मी एकटीनं रातभर देवाला हाक मारली. तर तेवढ्यात चर्चच्या दारातनं आवाज आला, एकटी न्हाय.”

“कुणाचा गं?”

“ह्यांचा. म्हणले, मीबी गोठ्यात गुडघं टेकून बसलो व्हतो. लाजंपायी तुला बोललो न्हाय.”

“मग?”

“मग काय, समद्यांनी हाताला धरून पुढं आणलं. माझा उपदेश ऱ्हायला बाजूला, हेच बोलत बसले.”

महेश्वरीची बस लागली, तरी ती बाकावरून उठली नाही.

“आन् आता कुटं हायत?”

“घरी. पुढच्या रविवारी त्यांनाच बोलायचंय. सकाळधरनं शेळ्यांना उपदेश चाललाय.”