चूलबंद आवतण

मंडळी, जरा पुढं सरका. मागं पोरंबाळं उभी हायेत, त्यांना टेकू द्या. वंदना झाली, मोठ्या माणसांचं बोलून झालं, आता मला उभं केलंय. मला भाषण येत नाय, भांडण येतं. आणि जिच्याशी रोज भांडायचे तीच आज फोटोतून बघतेय. सांभाळून घ्या.

लासूरहून कमलताईच्या माहेरची माणसं आलीत, त्यांच्यासाठी सांगते. मी सुमन. वरच्या गल्लीत राहते, चढावर. आमचं गाव देवगाव रंगारी. मालक कंपनीत लागले, आम्ही शहरात आलो, अन् मग इथलेच झालो. कमलताई खालच्या गल्लीतली, नाल्याला लागून. तिथंच तिची पिठाची गिरणी. सगळी वस्ती तिच्याकडं दळायला. तिच्या भुवयांवरसुद्धा पीठ असायचं. बाई म्हातारी झाली का नुसती पिठानं पांढरी झाली, मला शेवटपर्यंत कळलं नाय.

आत्ताआत्तापर्यंत गिरणी चालू होती. छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात नेली. मी डबा करत होते, अन् फोन आला. त्या डब्याचं काय करावं, मला आजपर्यंत सुचलं नाय.

तिची माया तुम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. मला आज तिचं काम सांगायचंय, कारण ते काम आज धोक्यात हाये.

आपला नाला कसा हाये? उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतात. अन् वर डोंगराकडं पाऊस कोसळला की बघता बघता खालच्या गल्लीत घरात पाणी. लई वर्षांमागं असंच पाणी आलं. खालची माणसं लेकरं कडेवर घेऊन चढावर आली, आमच्या दारांसमोर. अन् तिथंच उभी राहिली. भर पावसात! आम्ही वरचे आत म्हणत होतो, दार उघडंच हाये, येतील की. खालचे बाहेर म्हणत होते, कुणी या म्हणंना, कसं शिरायचं? दोन्हीकडं भली माणसं. अन् मधी लेकरं कुडकुडतायत. दोन म्हातारी माणसं तर घरातनं निघालीच नाहीत. लोकांच्या दारात जाऊन उभं राहायची लाज वाटली. पत्र्यावर बसवून वाचवली त्यांना, पण त्यातलं एक माणूस त्या गारठ्यानं पुढं टिकलं नाय. ती कमलताईची सासू.

मग साहेब लोक आले. शिबिर घेतलं, दोरीच्या गाठी शिकवल्या, भोंगा बसवला. चांगलं केलं, मी नाव ठेवत नाय. पण शिबिर संपल्यावर कमलताई माझ्या ओट्यावर येऊन बसली अन् म्हणली, "सुमन, भोंगा माणसाला घराबाहेर काढंल. दुसऱ्याच्या घरात कोण नेणार?"

मी म्हणलं, "मग काय करावं?"

"आवतण द्यायचं. पाणी यायच्या आधी."

मला वाटलं, हिच्या डोक्यात पीठ गेलं.

तिचं म्हणणं असं. आखाडात आपल्या घरोघरी तळण असतं. पुऱ्या, कापण्या. पाऊस तेव्हाच सुरू होतो. तर त्या वेळी वरच्या एकेका घरानं खालच्या एकेका घराला जेवायला बोलवायचं. एकदा पानावर बसून जेवलेलं माणूस पुढं त्या दारात लाजत नाय. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "पण ताई, तुमच्यात हे सण कुठं करतात?" कमलताई म्हणली, "मी देवाचं नाय गं, तळणाचं बोलतेय."

जोड्या तिनंच लावल्या. गिरणीवर डबा ठेवून कोण कुणाशी गप्पा हाणतं, तिला पाठ होतं. खालच्या गल्लीतल्या नूरचाचांना चढावरचं पहिलं घर दिलं, कारण त्यांना चढ झेपत नाय. तिच्या घराला माझं घर. वरच्या गल्लीत काहींची तोंडं वाकडी झाली. कुणाला घरात घ्यायचं, कुणाच्या ताटाला ताट लावायचं, ही कुजबुज झाली. ती माणसं आज इथंच बसलीत, मी नावं घेत नाय. त्यांनी पण नंतर वाढलं, हे महत्त्वाचं.

अन् पहिल्या साली काय झालं, आठवतं का? सगळ्यांनी रीतीनं आवतणं दिली. अन् संध्याकाळी आले कोण? नुसते बाप्ये! घरटी एक! धुतलेले शर्ट घालून, मिशांना पीळ देऊन, गंभीर तोंडं करून येऊन बसले. आपली रीतच ती. आवतण आलं की घरातनं एक माणूस जातं, मान राखतं, जेवून येतं. बाया घरी, म्हातारे घरी, लेकरं घरी. आम्ही खूश. वाढा रे, वाढा.

कमलताई माझ्या दारात येऊन उभी. आधी हसली. मग अशी चिडली, अशी चिडली! "पुरात पण घरटी एकच येणार का रे? बाकीच्यांचा मान तुम्ही राखून याल का?" तिचेच मालक, उत्तमभाऊ, पुरी हातात धरून बसलेले, तोंडात घालावी का नको. हसू नका, तुम्हीही होतात त्या पंगतीत.

दुसऱ्या साली ती स्वतः वरच्या गल्लीत दारोदार फिरली. म्हणली, आवतण द्याल तर चूलबंद द्या. चूलबंद म्हणजे काय, ते आपल्याला माहीत हाये. घरातलं एकूण एक माणूस. आजारी, म्हातारं, पाळण्यातलं, रुसलेलं. त्या घरची चूल त्या दिवशी पेटायचीच नाय. गॅस बंद, दाराला कडी, सगळं घर वर. अन् येताना गाठोडं आणायचं. कागदं, औषधं, एकेक कपडा. ते गाठोडं पुढं वरच्याच घरी ठेवायचं, पावसाळा सरला तरी.

मग आली माणसं. चढावर रांग लागली. नूरचाचा तेवढे अडून बसले. "मैं कायकू आऊं? पानी आता, जाता." कमलताई म्हणली, "चाचा, पानी का कोन बोल्या? पुऱ्या ठंड्या होरे." खरं का खोटं, चाचा? बघा, हसतायत. डोळे पुसतायत अन् हसतायत.

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी आभाळ फाटलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. भोंगा वाजला तेव्हा निम्मी गल्ली वर पोचली होती. कुणी ओरडलं नाय, कुणी विचारलं नाय. प्रत्येकाला आपलं घर ठाऊक होतं. लेकरं तर आधीच पळाली, त्यांना कोणत्या डब्यात शेव असती तेही ठाऊक. खाली कंबरेएवढं पाणी फिरलं. भांडी गेली, कोंबड्या गेल्या. माणूस एकही गेलं नाय.

गिरणी बुडाली. कमलताई माझ्या स्वयंपाकघरात पाय पोटाशी घेऊन बसली अन् रडली. हो, रडली. मी चहा दिला. मग नाक पुसून म्हणली, "सुमन, मोटर वाळवता येती गं." मला तिची सासू आठवली. तिलाही तीच आठवली असणार.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

कमलताई गेल्यावर उत्तमभाऊ माझ्याकडं आले. म्हणले, "वहिनी, आमचं गाठोडं द्या. आता कशाला ते तुमच्याकडं. ती होती म्हणून येत होतो." मी दिलं नाय. नंतर कळलं, खालच्या आणखी दोन घरांनी आपापली गाठोडी नेली. वरच्या बाया म्हणतायत, वस्तीत दुःख झालंय, औंदा तळण नको. अरे, आभाळाला कुणी सांगितलंय का, औंदा आमच्यात दुःख हाये म्हणून?

उत्तमभाऊ, तुम्ही एकटेच हायेत त्या घरात. पोरगी सासरी, गुडघे असे. रात्रीचं सोडा, दिवसा पाणी आलं तरी तुम्ही म्हणाल, कशाला जायचं लोकाकडं. मी ओळखते तुम्हाला. म्हणून मी ते गाठोडं सोडून बघितलं. रागवा, पण बघितलं. त्यात तिचं एक लुगडं हाये. बाकी सगळं तुमचं. तुमच्या बीपीच्या गोळ्या, तुमचा स्वेटर, तुमचा जुना चष्मा, सुपारीची डबी. उत्तमभाऊ, तिनं तयारी तुमची केली होती. ते मी कसं परत देऊ?

शोकसभेत आवतण देत नसतात. माझी सासू असती तर तिनं मला हाताला धरून खाली बसवलं असतं. पण बोलते. उत्तमभाऊ, या आखाडात तुम्हाला आमच्या घरचं चूलबंद आवतण. घरात एकटे उरलात तरी चूलबंदच. गॅस बंद करायचा, कडी लावायची अन् वर यायचं. उद्या रीतीनं दारात येऊन परत सांगते. तुम्ही नाय म्हणलात तर परवा येते. मला भांडण येतं, ते मी आधीच सांगितलंय.

आता सगळे उभे राहू. तुम्ही बसा भाऊ, बसूनच हात जोडा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. अन् त्यानंतर वरच्या गल्लीनं खालच्या गल्लीला आवतणं द्यायची. इथंच, तिच्यासमोर.

कमलताई, जय भीम.