तपासणीची शेवटची पंगत

सभेचे अध्यक्ष श्रीमान एकोजीराव साहेब, तिरुप्पनंदाळहून अगत्यानं आलेले प्रमुख पाहुणे स्वामीनाथ अय्यर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले डॉक्टर हनुमंतराव, आणि समोर बसलेल्या बंधूंनो. रीतीप्रमाणे ‘भगिनींनो’ असंही म्हणायला हवं होतं. पण भगिनी मागच्या अंगणात चुलाणापाशी आहेत, आणि तिथपर्यंत माझा आवाज पोचत नाही.

मी या सभेचा चिटणीस, तुकोजी. उद्या सकाळच्या गाडीनं डॉक्टर कुंभकोणम सोडून लेकाकडे मद्रासेला कायमचे चालले, तेव्हा चार शब्द बोलावेत असं अध्यक्षांनी मला सांगितलं. आमच्या घरी काय घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. ‘तुला बोलवेल का?’ असं त्यांनी विचारलं होतं. बोलवेल, म्हटलं. अलीकडे मला सगळंच जमतं. कापी पितो, हिशेब तपासतो, देवळात जाऊन येतो. कशाचं काही वाटत मात्र नाही.

तर डॉक्टरांविषयी. औषध देणारे पुष्कळ असतात. यांनी आपल्याला एक निराळी खोड लावली. मासी मघमचा देवळातला उत्सव आटोपला की दुसऱ्या दिवशी याच मंडपात टेबल मांडायचं आणि आपल्या प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाला, धडधाकट असला तरी, तपासायचं. पहिल्या वर्षी आपण काय म्हटलं, आठवतं? दुखत नाही, खुपत नाही, मग डॉक्टरासमोर कशाला बसायचं? उगीच आजाराला आवतण! तेव्हा हे शांतपणे म्हणाले, “देवळाच्या रथाची चाकं सुतार केव्हा बघतो? रथ ओढायच्या आधी की रस्त्यात मोडल्यावर?” आपण रांगेत येऊन बसलो.

आमचे जानकीराम पहिल्या ओळीत बसले आहेत. पितळी भांड्यांचे व्यापारी, तालमीतलं शरीर. तपासणीला आले ते डॉक्टरांची थट्टा करायला. डॉक्टरांनी त्यांच्या लघवीत निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली, तर निळ्याचं झालं विटकरी. मधुमेह! जानकीरामांना तहानसुद्धा जास्त लागत नव्हती. त्या दिवशी कळलं म्हणून पथ्य लागलं, पाय शाबूत राहिले. आज मागून गोड पायसमचा वास येतोय आणि ते सारखे मान वळवतायत, ते मला इथून दिसतंय. जानकीराम, डॉक्टर अजून गेलेले नाहीत.

असो. आता आपली एक रीत सांगतो. पाहुणे तमिळ आहेत, त्यांना कदाचित नवल वाटेल. आपण मराठी राजवाड्याच्या चाकरीतली घराणी. चार माणसं जमली की आपण मानानं बसतो आणि मानानं वाढतो. जेवणाला पंगत, तशीच तपासणीलाही आपण पंगतच केली. पहिली वडीलधाऱ्यांची, मग कर्त्या पुरुषांची, मग तरुणांची, आणि शेवटची बायकांची. असं कोणी ठरवलं नव्हतं. आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. आणि शेवटच्या पंगतीची पाळी येईतो दिवेलागण व्हायची. घरी देवापुढे दिवा लावायचा, मुलं भुकेली. बायका उठून जायच्या.

आमची मंडळी त्या दिवशी इथेच असायची. सगळ्यांना हाका मारायची, उपाशीपोटी आलेल्यांना तपासणी झाली की ताक द्यायची, खरकटं उचलायची. दर वर्षी डॉक्टर सामान आवरायच्या आधी म्हणायचे, “अम्मा, आता तुम्ही बसा.” आणि दर वर्षी ती हसून म्हणायची, “मला काय जालंय? येत्या वर्षी बघूं.”

सकाळी तिचं डोकं दुखायचं. सुंठ उगाळून लावायची, वर फडकं बांधायची आणि कामाला लागायची. आमच्याकडे कोणत्या बाईचं डोकं दुखत नाही? गेल्या कार्तिकात पीठ वाटता वाटता ती रगड्याशेजारी कलंडली. डॉक्टर धावत आले. त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, फुगवला, आणि पारा वर गेला तो खाली येईना. मला म्हणाले, “तुकोजी, हा पट्टा यांच्या दंडाला आज पहिल्यांदा लागतोय.” तिसऱ्या दिवशी ती गेली.

नंतर मी त्यांना विचारलं, आधी कळलं असतं तर? ते खोटं बोलत नाहीत. म्हणाले, मीठ कमी केलं असतं, विश्रांती दिली असती, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या असत्या. बरीच वर्षं मिळाली असती, कदाचित. हा आजार आतल्या आत वाढतो, हाक मारत नाही, म्हणून तर वर्षाला एकदा आपणच जाऊन बघायचं. मी ऐकलं आणि घरी येऊन जेवलो. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तिचं नाव त्रिपुरसुंदरी. चार लोकांत मी ते कधी उच्चारलं नव्हतं. आज उच्चारलं, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

आज पहाटे आमची थोरली लेक भुवनेश्वरी इथे स्वयंपाकाला आली. खाली बसून भाजी चिरत होती. उठताना तिनं खांब धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. कपाळाला सुंठ होती. “काय गं?” म्हटलं. “कांही नाही अप्पा. झोप जाली नाही.” मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. अजून वाटते आहे.

अध्यक्ष महाराज, शाल आणि श्रीफळ तयार आहे, पानंही मांडून झाली आहेत. तरी माझी विनंती आहे की आत्ता कोणी जेवायला बसू नये. मी डॉक्टरांशी बोललो आहे. त्यांची पेटी बांधून झाली होती, ती त्यांनी माझ्यासमोर सोडली. टेबल बाजूच्या खोलीत मांडलं आहे. मागच्या अंगणातल्या सगळ्या बायका आधी तिथे बसतील, मग आपण जेवू. भात निवेल. निवू दे.

डॉक्टर, इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी थांबलात, त्याबद्दल ही सभा तुमची ऋणी आहे. अध्यक्षांचे आणि लांबून आलेल्या पाहुण्यांचे आभार मानतो. मानापानात आज माझ्याकडून उलटसुलट झालं आहे, ते मी जाणूनबुजून केलं. बाकी बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर पोटात घालावं.

ताक वाढायला आज मी उभा राहतो. कोणीतरी मागचं दार उघडा, म्हणजे आवाज जाईल.

भुवना, पळी खाली ठेव आणि पुढे ये. पहिली तू बैस.