मॅसेजमधलं गाव

(गावोगाव वाघाच्या इशाऱ्याचे मॅसेज पाठवणारं सुनिलचं ऑफिस; दिव्या तिथे कामाला आहे, चैतू पिपरटोल्याहून आला आहे.)

चैतू : हात नका लावू, साहेब. मोबाईल माह्याच हातात राहू द्या. इथूनच वाचा.

सुनिल : वाचलं ना बे! "वाघ चिचटोला शिवारात, जंगलात जाऊ नका." मंग? तूच बदललं असशीन नाव. आजकाल काईबी एडिट होते.

चैतू : मी काऊन बदलू? माही मावशी मोहफुलं वेचाले निंगाली, मीच म्हटलं जा, वाघ चिचटोल्याकडं हाय, नदीच्या पल्याड. अन् वाघ आमच्या पिपरटोल्यातच, मोहाखाली बसून होता.

दिव्या : सोमारीबाई तुमची सख्खी मावशी?

चैतू : मायच म्हणा, ताई. तिनंच पोसलं मले. खांदा फाडला तिचा. दवाखान्यात मले पाहून भिंतीकडं तोंड करते. गावात कोणी बोलत नाई. म्हणते, वाघाची खबर गावाले द्याले याले वाघमित्र केलं, अन् याले मॅसेज वाचता येत नाई.

सुनिल : गलत का म्हणते? हे पाह्य स्क्रीनवर. तुह्या नंबरपुढं साफ लिहून हाय, पिपरटोला. सिस्टीम झूठ बोलत नाई. वनवाल्यांलेबी मी हेच सांगतलं, वाघमित्राची चूक.

दिव्या : स्क्रीनवर नाव लगेच येते, सुनिलभाऊ. मॅसेज मागून जाते. मी आत्ता माह्या नंबरवर तीन गावं टाकून पाह्यलं.

सुनिल : तुले कोणं सांगतलं टेस्ट कराले?

दिव्या : कोणंच नाई. हे पाहा. पिपरटोला टाकलं, आलं चिचटोला. कोसमटोला टाकलं, तरी चिचटोला. तिसरं, शेवटचं, चिचटोलाच होतं; त्या दिवशीच्या यादीतबी तेच शेवटी होतं.

चैतू : मंजे काय, ताई?

दिव्या : लूप, मंजे प्रोग्राममधली फेरी, एकेक गाव घेते. दर गावासाठी एक बिननावाचं फंक्शन बनवून ठेवते, थोडं थांबून मॅसेज पाठव म्हणून. नंबर त्याच्या हाती देल्ला हाय, म्हणून मॅसेज बरोबर माणसाले जाते. पण गावाचं नाव ते बाहेरच्या व्हेरिएबलमधून, मंजे सगळ्यांच्या एकाच डब्यातून घेते, तेबी पाठवाच्या टायमाले. तवापर्यंत लूप संपून जाते. बाहेर शेवटचंच गाव उरते, अन् सगळे मॅसेज तेच नाव घेऊन निंगते.

चैतू : मंजे मी बरोबर वाचलं होतं.

दिव्या : बरोबरच वाचलं होतं.

सुनिल : बस झालं, दिव्या. एका शब्दाची गोष्ट हाय. कोडमधी ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ टाकलं की दर फेरीचं गाव वेगळं राह्यते. किस्सा खतम.

दिव्या : ते मी टाकून बसली. बाकी गावांच्या वाघमित्रांले फोनबी केले. आता याच्या गावाले सांगा, कोण चुकलं ते.

सुनिल : पागल झाली का? काम जाईन हातचं. चामोर्शीवरून आली तवा कोणी उभं करत नव्हतं तुले. मी ठेवलं.

दिव्या : ठेवलं, पण तोंड शिवून नाई ठेवलं.

सुनिल : कोड मी लिहिला. तुह्यावर काई येत नाई. मंग काऊन भुकून राह्यली?

दिव्या : तुमी लिहिला, अन् नाव याचं लावलं.

चैतू : तुमी मागून भांडा. मावशीले वाटते मी तिले वाघाच्या तोंडी देल्लं. माह्या तोंडचं ती आयकत नाई. चला दवाखान्यात.

सुनिल : मी नाई येत.

चैतू : मंग मी इथीच बसतो. गावचे लोकं येतीन.

सुनिल : धमकी देऊन राह्यला?

चैतू : हव.

दिव्या : मी तं चालली. तुमी नाई आले तं तुमच्यामागं सांगीन, अन् काई झाकून नाई सांगणार.

सुनिल : ...मोठी मास्तरीण झाली. गाडीची चाबी दे.

(दवाखान्यातला बायांचा वॉर्ड. सोमारी भिंतीकडे तोंड करून निजली आहे.)

चैतू : मावशी, ज्याईनं मॅसेज पाठवला ते लोकं आले.

सुनिल : बाई... ते टेक्निकल प्रॉब्लेम झाला होता. नेटवर्कचं असं हाय का...

दिव्या : सुनिलभाऊ.

सुनिल : मॅसेजमधी गावाचं नाव चुकलं, बाई. तो मी बनवला होता. या पोरानं जे आलं तेच वाचलं.

चैतू : आयकलं का, मावशी?

सोमारी : आयकलं. त्याले म्हण, बाहेर हो. तू बस.