अब्बांच्या गादीवर मी बसले

माझं माहेर पूर्णगडचं, आई घरात जाळी विणायची, तिच्या शेजारी बसून मी गाठी मारायला शिकले, आणि लग्न होऊन रत्नागिरीत आले ती जाळ्यांच्याच दुकानात. सासऱ्यांचं दुकान, बंदराच्या रस्त्याला, त्यांनीच उभं केलेलं. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, आम्हीच कशाला, सगळं बंदर अब्बाच म्हणायचं. काय सांगू तुम्हाला, तो माणूस जाळं नुसतं विकायचा नाही, होडी कुठली, जाणार कुठं, मासळी कसली, सगळं विचारायचा आणि तसे दोर, तसे तरंगते बोये स्वतः बांधून द्यायचा. पुढं हात थरथरायला लागले, बांधणं बंद झालं, तसं गिऱ्हाईक पण सुटत गेलं.

अब्बा गेले तेव्हा रडायला अख्खं बंदर आलं हो, आणि थोड्याच दिवसांत बघते तर तेच लोक दुसऱ्या दुकानातलं जाळं खांद्यावर टाकून आमच्या दारावरून चाललेत. इतका राग आला मला! आमचे हे जहाजावर, ते म्हणाले तुला वाटेल तसं कर. पण धाकटा दीर सलीम, तो कतारला, त्याने फोन केलान, भाभी, दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ. मी म्हटलं, देणार नाही, मी बसते. तर म्हणतो कसा, बाईमाणूस बंदरात बसणार? अरे, मी म्हटलं, बंदरात मासळी विकायला कोण बसतं मग?

पूर्णगडहून चार बाया आणल्या, आईबरोबर विणणाऱ्या, आणि दुकानाच्या ओट्यावरच बसवल्या बांधायला. लोक बोलले, बोलणारच. अब्बांचा एक जुना दोस्त, होडीवरचा तांडेल, तोही आला, म्हणतो पोरी, अब्बांचं नाव घालवशील. मी म्हटलं, चाचा, एक जाळं न्या, दर्यात टाका, वाईट निघालं तर इथंच चार माणसांत मला बोला. नेलंन. परत आला तो बोलायला नाही, दुसरं जाळं सांगायला, आणि येताना भावाला घेऊन आला.

तेवढ्यात सलीम सुट्टीवर आला आणि थेट त्या मोबाइलवाल्यालाच घेऊन दारात उभा, दुकान दाखवायला. आम्ही आतपासून दारापर्यंत जाळं पसरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. म्हणतो, भाभी, हे उचल. मी उठलेच नाही. म्हटलं, सकाळी होडी जायची आहे, तुझ्या बापानं गिऱ्हाइकाला कधी थांबवलं नव्हतं, चप्पल काढ आणि ते टोक धर. सगळ्या बाया बघतायत, बाहेर तांडेल उभा. मोबाइलवाला कधी सटकला कळलंच नाही. सलीमने चप्पल काढलीन, खाली बसला, दोर धरलान. बाहीनं डोळे तेवढे पुसलेन.

आता ओट्यावर नऊ बाया बसतात, पार बुरोंडी बंदरापासून लोक येतात. अजून कोणी कोणी म्हणतं, किती दिवस बसशील? बसेन की! तुम्ही दुवा करणार असाल तर दर्यात गेलेल्यांसाठी करा. मी जमिनीवर बसलेय, मला कोण उठवतो ते मी बघते.