तीन नंबरच्या शेपटीवरच्या रेघा

जबाब देणार: प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारी, कामावर सगळे मावशी म्हणतात. वय ५४. राहणार संस्थेच्या मागची गल्ली, दुसरा मजला.

मी आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या डॉक्टरबाई रोगाशी लढणाऱ्या पेशींना लोहाचे बारीक कण खाऊ घालून त्या उंदरांना टोचतात. कर्करोगाच्या गाठीत त्या पेशी पोचल्या, तर एमआरआयमध्ये काळे ठिपके दिसतात. मशीन म्हणजे भलेमोठे लोहचुंबक, त्यामुळे उंदराच्या कानात पत्र्याचा बिल्ला चालत नाही. शेपटीवर मार्करने रेघा काढतात. त्या पुसटतात, म्हणून मी गिरवते. बाईंचे डोके भारी, पण उंदीर ओळखायला त्यांना रेघाच लागतात. मला तोंडावरून कळतो.

सोमवारी तीन नंबरच्या गाठीत ठिपके दिसले. मी विचारले, "पोचल्या ना हो?" बाई म्हणाल्या, "मावशी, बुडबुडाही काळाच दिसतो. गाठ कापून लोह सापडलं तरच खरं." तीन नंबर माझ्या तळहातावर बसून दाणे खायचा. गाठ कापायची म्हणजे त्याला मारायचे. माझा जीव तुटला. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी स्पिरिटने दोघांच्या शेपट्या पुसून त्याच्या तीन रेघा पाच नंबरला काढल्या आणि पाचच्या त्याला. पाचला लोह न दिलेल्या पेशी टोचल्या होत्या.

तीन नंबर समजून पाचला मारले, त्याच्या कापलेल्या गाठीत लोहाचा कणही निघाला नाही. बाई म्हणाल्या, "चार वर्षं पाण्यात." संस्थेने टोचायच्या पेशींच्या बाटल्या कोणीतरी बदलल्याची तक्रार दिली. टोचणाऱ्या तंत्रज्ञाला इथे दिवसभर बसवले. त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटात गाठ आहे. हा उपचार माणसांना कधी मिळेल, याची ती वाट बघते. रोज फोनवर विचारते, "काय गं, पोचले का तुझे शिपाई?" मी तिच्याच वाटेत काटे पेरले. लाज वाटते.

शनिवारी मी बाईंना सगळे सांगितले आणि तीन नंबरला स्वतः त्यांच्या हातात दिले. त्याने माझे बोट हुंगले.

जबाब चालू असताना बाईंचा फोन आला. लोह सापडले, पेशींच्या आतच. मी साहेबांना विचारून ताईला फोन लावला. "पोचले गं," एवढेच बोलले.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. 'मयत उंदीर' लिहिले होते, तिथे 'तीन नंबर' करून घेतले.