आबांची घोंगडी

आइंडहोवनच्या बसथांब्यावर मागून मराठी ऐकू आलं, तशी चारुतानं कानातली गाणी बंद केली. मायलेक बोलत होते.

"आई, आबांची घोंगडी स्वच्छ धुऊन टाकली बघ."

"धुतलीस? आरं, घोंगडी कुणी धुतं व्हय? उन्हात टाकायची, झटकायची."

"घरभर मेंढरांचा वास येत होता गं."

"कशात धुतली?"

"मशीनमध्ये, गरम पाण्यात. जरा आटली, पण आता आपल्या आर्याला बरोबर होईल."

"ते गेल्यापासनं म्या झटकलीबी नव्हती, सुयश."

"का गं? ... बरं, चल, बस आली."

"खोळ करून डोक्यावर घ्यायचे ना, तो कोपरा हुंगून बघते. तिथं त्यांचा वास राहिला आसंल थोडा."